दुर्गम कुणासाठी? सडक अर्जुनीच्या सडकेवरून एक प्रश्न

आमच्या तालुक्याच्या नावातच सडक आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी सडकेवरची, म्हणून सडक अर्जुनी. ही सडक म्हणजे नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी करत रायपूरकडे जाणारा इंग्रजांच्या काळातला ग्रेट ईस्टर्न रोड. पुढे त्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणू लागले, आता ५३ म्हणतात. कोहमाऱ्याच्या चौकात तासभर उभे राहा, अर्ध्या देशाचे ट्रक समोरून जातील.

या चौकापासून मोटारसायकलने अर्ध्या-पाऊण तासावर एक गाव आहे. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. मधला नाला भरून वाहत होता. रुग्णवाहिका आली, पण ती नाल्याच्या अलीकडेच थांबली. गावातल्या चार पोट्ट्यांनी खाटेला दोर बांधून तिला छातीभर पाण्यातून अलीकडे आणले. बाळ-बाळंतीण वाचले. नंतर आम्ही त्या नाल्यावर पुलाची मागणी घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "तुमचा भाग दुर्गम आहे, त्यात नक्षलग्रस्त. ठेकेदार यायला तयार होत नाहीत."

मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. 'दुर्गम' हा शब्द पुस्तकात वाचला होता, पण तो उत्तर म्हणून तोंडावर फेकलेला पहिल्यांदाच ऐकला. देशाच्या एका मुख्य महामार्गापासून अर्ध्या तासावरचे गाव दुर्गम कसे? आणि कोणासाठी? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे.

जंगल खरे आहे

आधी दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडू. भूगोल खोटा नाही. सालेकसा-दरेकसाच्या डोंगरात महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमा जवळजवळ येतात. इकडे गोंदिया, तिकडे बालाघाट, पलीकडे राजनांदगाव. दलम रात्रीत सीमा ओलांडते. एका राज्याच्या पोलिसाला मात्र सीमेवर थांबून दुसऱ्या राज्याच्या पोलिसाला कळवावे लागते. दक्षिणेकडे देवरी, चिचगड, केशोरीचे जंगल थेट गडचिरोलीच्या कोरची-कुरखेड्याला जाऊन भिडते. माओवाद्यांनी याच कोपऱ्याचा एमएमसी झोन केला. हे नावसुद्धा तीन राज्यांच्या आद्याक्षरांचे आहे.

१९८० मध्ये आंध्रातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून पहिली दलमे आली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबीनपेठा येथे पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच. सगळा कारभार चंद्रपूरहून चाले. एवढ्या पसरलेल्या जिल्ह्याला चंद्रपूरहून सांभाळणे जमत नाही, हे उमगून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. आमचा गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला.

रस्ता नसणे पोलिसांच्या जिवावर कसे बेतते, तेही पाहा. कच्च्या रस्त्यात सुरुंग पुरणे सोपे, मोरीखाली तर आणखी सोपे. म्हणून जवानांनी गाडी टाळायची आणि पायी चालायचे, हा या भागातला नियम झाला. पायी चालले की वेग जातो, रसद मागे राहते, जखमीला बाहेर काढायला वेळ लागतो. ८ ऑक्टोबर २००९ रोजी, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना, भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला मरकेगावात १५ गेले होते. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात आधी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. मग घटनास्थळाकडे निघालेल्या जवानांची खासगी गाडी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने उडवली. १५ जवान आणि चालक गेला. त्या दिवशी पायी चालण्याचा नियम मोडला आणि त्याची किंमत १६ घरांनी मोजली. मेलेल्यांची आडनावे वाचा. गोंड, बौद्ध, ओबीसी घरची पोरे आहेत. गोळी झाडणारे बहुतेकही त्याच घरांतले. दोन्हीकडून आपलीच माणसे मरतात, हे आपण कधीही विसरता कामा नये.

रस्ता कशासाठी आला?

आता थोडे मागे जाऊ. १८५८ मध्ये चांदा भागात बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. त्यांच्या लोकांनी मारलेले गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे माणसे होते. म्हणजे इंग्रजांचे राज्य या जंगलात आधी तारेच्या रूपाने शिरत होते. जंगलाने बंडाला आसरा दिला. शेवटी अहेरीच्या जमीनदारीणीच्या मदतीने शेडमाके पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला त्यांना फाशी झाली. त्यांचे साथीदार व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निघून गेले. १८५८ चा हा मार्ग आणि परवापर्यंतच्या दलमांचा मार्ग फार वेगळा नाही.

यानंतर इंग्रजांनी रस्ते आणि रेल्वे आणली. कशासाठी? छत्तीसगडचे धान्य बाहेर काढायला नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली. तीच पुढे बंगाल-नागपूर रेल्वेच्या ताब्यात गेली आणि आमगाव, सालेकसा, दरेकशाच्या डोंगरातून धावू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून आमच्या तालुक्यातल्या सौंदडवरून, वडसा-नागभीड मार्गे चांदा फोर्टला छोटी लाइन गेली. लाकूड, धान, बांबू यांना वाट मिळाली. डोंगर आडवा आला तर बोगदा खणला. मालाला हे जंगल कधीच दुर्गम नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या गेल्या आणि त्यांचे जंगल वनखात्याकडे आले. खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणून जो पहिला माणूस दिसला तो मास्तर नव्हता, डॉक्टरही नव्हता. तो नाकेदार होता. सरपणाची मोळी आणली तर पावती फाडणारा, मोहफूल वेचले तर कोंबडी मागणारा. गोंदिया बिडीचे मोठे केंद्र झाले. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे ट्रक फडीपर्यंत बरोबर जात. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबूचे ट्रक जात. त्याच वाटेने लसीकरणाची गाडी जात नसे.

नक्षलवाद्यांनी नेमकी ही जागा हेरली. त्यांनी आधी तेंदूपत्त्याच्या पुड्याचा दर वाढवून दिला. बांबू तोडाईची मजुरी वाढवून दिली. नाकेदाराची दहशत मोडली. लोकांनी त्यांना भाकर दिली ती मार्क्स वाचून नाही. नंतर काय झाले तेही लोकांना ठाऊक आहे. खबऱ्या म्हणून गरीब आदिवासींचे गळे चिरले, ठेकेदाराकडून खंडणी घेतली, रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळली. रस्ता झाला तर पोलीस येतील म्हणून रस्ता नको, ही त्यांची भूमिका. बाळंतिणीच्या खाटेचा हिशोब त्यांच्याही वहीत नव्हता.

म्हणजे एकाने रस्ता केला नाही आणि दुसऱ्याने होऊ दिला नाही. गावाची दुर्गमता दोघांच्याही कामाची होती. एकाला ती लपायला उपयोगी पडली, दुसऱ्याला कारण सांगायला.

रस्ता युद्धासाठी, निधी तिघांच्या हाती

१९९० मध्ये स्थानिक तरुणांचे सी-६० पथक उभे राहिले. भूगोलावर उपाय म्हणून भूगोल जाणणारी माणसे घेतली. डावपेच म्हणून ते परिणामकारक ठरले. २००९ मध्ये केंद्राने ८ राज्यांतल्या ३४ नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी खास रस्ते योजना आणली. त्यात गडचिरोलीबरोबर गोंदियाही होता. २०१० मध्ये एकात्मिक कृती आराखडा आला. ६० जिल्ह्यांना पहिल्या वर्षी प्रत्येकी २५ कोटी आणि दुसऱ्या वर्षी ३० कोटी.

हा पैसा कुठे खर्च करायचा हे कोण ठरवणार? तीन माणसांची समिती. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी. ग्रामसभेचा एकही माणूस नाही. जिल्हा परिषदेचा निवडून आलेला सदस्यही नाही. ज्या वनखात्याच्या जाचामुळे लोक दलमाकडे वळले, त्याच खात्याचा अधिकारी विकास ठरवायला बसला. शेतमजूर बाई तिथे असती तर तिने पहिल्यांदा नाल्यावर पूल मागितला असता.

नियोजन आयोगाने डी. बंदोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला होता. त्याचा अहवाल २००८ चा. आपले प्रा. सुखदेव थोरात त्या गटात होते. या चळवळीचा पाया मुख्यत्वे दलित आणि आदिवासींच्या वंचनेत आहे, हे त्या अहवालाने स्पष्ट मांडले. सरकारनेच नेमलेल्या गटाचे हे म्हणणे होते. निधीची समिती मात्र तिघांचीच राहिली.

गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे अशा ठिकाणी पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. शेकडो जवान आणि यंत्रे लावून एकेका दिवसात. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचे उद्घाटन होऊन त्या भागात पहिल्यांदा एसटी धावली. मला याचा आनंदच आहे. ज्या म्हातारीने आयुष्यात एसटी पाहिली नव्हती ती त्यात बसली असेल. पण मनात प्रश्न येतोच. पोलीस केंद्र एका दिवसात उभे राहू शकते, तर आरोग्य उपकेंद्राला वीस-वीस वर्षे का लागतात? चिखल तोच आहे आणि डोंगरही तोच. म्हणजे अडथळा डोंगराचा नव्हता.

धरणाने तयार केलेले दुर्गम

ओडिशाचे एक उदाहरण आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे. मलकानगिरी जिल्ह्यात बालिमेला धरण झाले. जलाशयाच्या पाण्याने दीडशेच्या आसपास गावे तिन्ही बाजूंनी वेढली गेली आणि चौथ्या बाजूला डोंगर उरला. या भागाचे नावच 'कट-ऑफ' पडले. तिथे जायचे तर होडीने. माओवाद्यांना याहून सुरक्षित जागा कुठे मिळणार? २९ जून २००८ रोजी याच जलाशयात जवानांच्या होडीवर हल्ला झाला आणि ३८ जण मेले. त्यानंतर दहा वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये गुरुप्रिया पूल सुरू झाला. लांबी ९१० मीटर. एक किलोमीटरही नाही.

ती गावे निसर्गाने दुर्गम केली नव्हती. सरकारच्या धरणाने केली. वीज बाहेर गेली आणि पाणी गावाभोवती राहिले. एका किलोमीटरच्या आतल्या पुलासाठी लोकांना पिढ्या घालवाव्या लागल्या. आपल्या भागातला प्रत्येक 'दुर्गम' शब्द असा तपासून घ्यायला हवा. डोंगर किती आणि निर्णय किती?

खैरलांजी कुठे दुर्गम होती?

कोणी म्हणेल, अंतर असले की शासन उशिरा पोहोचणारच. मग २९ सप्टेंबर २००६ आठवा. खैरलांजी मोहाडी तालुक्यात, धानाच्या सपाट शेतात. तिथे ना डोंगर, ना सुरुंग, ना दलम. तरी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांच्यापर्यंत पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत. भैयालाल भोतमांगे न्यायाची वाट पाहत जानेवारी २०१७ मध्ये गेले. पण लोक रस्त्यावर उतरले तेव्हा काय झाले? आंदोलनामागे नक्षलवादी असावेत, अशी शंका राज्याच्या गृहमंत्र्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. अत्याचारापर्यंत न पोहोचणारे शासन आंदोलकाच्या घरापर्यंत रातोरात पोहोचले.

२ जानेवारी २०११ रोजी 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना वर्ध्यात अटक झाली. खटला आमच्या गोंदियात चालला. ४० महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या ४० महिन्यांचा हिशोब कोण देणार? शासनाचा हात कुठे लांब होतो आणि कुठे आखडतो, हे नुसत्या नकाशावरून कळत नाही. त्याला जातीची नजरही लागते.

कायदा पोहोचला का?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बाबासाहेबांच्या संविधानात आदिवासी भागांसाठी पाचवी अनुसूची आहे. तिच्या आधारे १९९६ चा पेसा कायदा झाला. ग्रामसभेला गौण वनोपजाचे, जमिनीचे, पाण्याचे अधिकार मिळाले. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. त्यात गोंदिया नाही. देवरी, सालेकशात गोंडांची गावेच्या गावे आहेत, देवरीला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे, नक्षलग्रस्त म्हणून जिल्ह्याला वर्षानुवर्षे निधी मिळाला, ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने या भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनही मिळते. पण ग्रामसभेला पेसा नाही. बंदूक आली तेव्हा आपण 'विशेष' होतो. अधिकार वाटायची वेळ आली तेव्हा सर्वसाधारण झालो.

२००६ चा वनहक्क कायदा मात्र इथेही लागू आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये त्याच कायद्याने सामूहिक वनहक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. नक्षल भागातल्या ग्रामसभेने गोळी न झाडता नाकेदाराला बाजूला केले.

यात आपला, बौद्धांचा प्रश्न येतो. जंगलाकाठच्या गावांत गोंड, हलबांबरोबर आपली घरे आहेत, ढिवर, गोवारींची आहेत. आपले आजे-पणजे कोतवालकी करत, जाडेभरडे कापड विणत, जंगलाकाठचा तुकडा कसत. पण कायद्याने आपण 'इतर पारंपरिक वननिवासी'. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य असल्याचा पुरावा द्यायचा. म्हणजे १९३० चा पुरावा. १९३० मध्ये या टोल्यांवर कोणता तलाठी गेला होता? शाळेत आपले नाव कोणी घातले होते? जे शासन तेव्हा आमच्यापर्यंत आले नाही, तेच आज विचारते, तुम्ही तेव्हा होता याचा कागद दाखवा. एका म्हाताऱ्या बाबांनी अशा एका बैठकीत मला विचारले होते, "बाबू, तवा सरकार कोठी होता, याचा कागद त्यायच्यापाशी हाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग आपण काय करायचे?

२०२१ च्या १३ नोव्हेंबरला मर्दिनटोल्याच्या जंगलात मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. आंबेडकरी घरातून आलेला, एमएमसी झोनचा प्रमुख. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. नोव्हेंबरअखेर एमएमसी झोनचा प्रवक्ता अनंत गोंदिया पोलिसांपुढे आला. ४५ वर्षांचा एक अध्याय मिटत आहे. यात दुःख करण्यासारखे मला काही वाटत नाही. संविधान हाती आल्यावर रक्तरंजित मार्ग सोडा, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते. पण त्याच भाषणात त्यांनी सामाजिक आणि आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारत कोसळेल, असाही इशारा दिला होता. आपले राज्यकर्ते पहिला अर्धा भाग पाठ म्हणतात आणि दुसरा गाळतात.

१९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांना इथून दिल्लीला पाठवायची संधी आपल्या भागाने घालवली. त्यांचे संविधान इथल्या टोल्यापर्यंत नेण्याची संधी तरी घालवू नका.

आता नक्षलवादाचे कारण सांगता येणार नाही. म्हणून हीच वेळ आहे. आपल्या तालुक्यातल्या पोरांसाठी तीन कामे सुचवतो.

एक, पावसाळ्यात तुटणाऱ्या प्रत्येक गावाची यादी करा. नाला कोणता, किती दिवस वाट बंद, उपकेंद्र किती लांब. माहिती अधिकारात विचारा की त्या पुलाचा प्रस्ताव कधी गेला आणि कुठे अडला. 'दुर्गम' हे उत्तर लेखी घ्या.

दोन, वनहक्काचे दावे गोंड बांधवांबरोबर एकत्र करा. सामूहिक दाव्यात आपला आणि त्यांचा वाटा वेगळा नसतो. ७५ वर्षांचा कागद नसेल तर घाबरू नका. दावेदार सोडून गावातल्या वृद्धांचे लेखी जबाब नियमांत पुरावा म्हणून मान्य आहेत. जुनी विहीर, घराचा पाया, स्मशानभूमी, हेही पुरावे आहेत. मात्र एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. ते म्हातारे बाबा जिवंत आहेत तोवर त्यांचा जबाब लिहून घ्या. दोन वर्षांनी हा पुरावाही जाईल.

तीन, देवरी-सालेकशाच्या आदिवासी गावांना पाचव्या अनुसूचीत घ्या, ही मागणी आपल्या मंचावरून करा. ती आपल्या फायद्याची नाही असे काही जण म्हणतील. त्यांना सांगा, संविधानाचे एक पान दुसऱ्याला नाकारले गेले तर आपले पानही सुरक्षित राहत नाही.

त्या नाल्यावर अजून पूल झालेला नाही. यंदाही पावसाळ्याआधी आम्ही अर्ज दिला आहे, या वेळी ग्रामसभेच्या ठरावासह, ११२ सह्या आणि अंगठ्यांसह. साहेब बदलले आहेत. उत्तर यायचे आहे.

जय भीम. जय सेवा. जय संविधान.